जुनी तेलक्षेत्रं की शेल: २० वर्षांचा हिशेब कोणत्या तेलावर मांडायचा?

कारखान्यात बॉयलर बसवला की तो २० वर्षं चालतो. इंधन म्हणून तेलच ठेवायचं का, हे ठरवताना ‘जगात अजून ५० वर्षांचं तेल आहे’ या वाक्याचा काही उपयोग नाही. साठ्याला वर्षाच्या उत्पादनाने भागलं की असा आकडा निघतो. पण तेलक्षेत्र शेवटपर्यंत एकाच वेगाने तेल देत नाही. पाहायला हवी ती घट.

आधी जुनी क्षेत्रं. मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवरचं मुंबई हाय १९७४ साली सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि १९८९ मध्ये ते दिवसाला ४.७ लाख पिंपांवर पोचलं. २०२४ मध्ये उरलं साधारण १.३५ लाख. तिथल्या चुनखडीच्या थरात दाब टिकवायला पाणी सोडतात. कालांतराने तेच पाणी सोप्या वाटेने उत्पादक विहिरीत शिरतं. उपसा तेवढाच राहतो, पण त्यात तेलाचा वाटा घटत जातो. मेक्सिकोच्या कांतारेल या समुद्रातल्या तेलक्षेत्रात २००० पासून नायट्रोजन भरून उत्पादन फुगवलं. २००४ मध्ये ते दिवसाला २१ लाख पिंपांवर गेलं आणि पुढच्या पाच वर्षांत सुमारे एक तृतीयांशावर आलं. दाब वाढवून तेल लवकर निघतं खरं, पण नंतरचा उतार तेवढाच तीव्र होतो.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार कळस ओलांडलेल्या पारंपरिक क्षेत्रांची सरासरी घट वर्षाला ५.६ टक्के आहे, म्हणजे साधारण १२ वर्षांत उत्पादन निम्मं. आखातातली जमिनीवरची महाकाय क्षेत्रं मात्र २ टक्क्यांच्या आतच घटतात. आणि परवान्यापासून तेल येईपर्यंत नव्या क्षेत्राला सरासरी २० वर्षं लागतात!

शेल म्हणजे घट्ट खडकात अडकलेलं तेल; त्याचं सगळंच उलटं. दोन-तीन किलोमीटर आडवी विहीर, प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू, काही महिन्यांत तेल हातात. २००८ मध्ये दिवसाला ५० लाख पिंपांवर आलेली अमेरिका २०२४ मध्ये १ कोटी ३० लाखांच्या पुढे गेली, ती यामुळेच. पण खडक इतका घट्ट असतो की भेगांच्या लगतचं तेलच निघतं, आणि विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त घसरतं. गुंतवणूक पूर्ण थांबली, तर शेलचं उत्पादन १२ महिन्यांत ३५ टक्क्यांहून अधिक घटेल, असं तोच अहवाल सांगतो. शिवाय जुन्या विहिरीला खेटून नवी खणली, तर दोघी एकमेकींचा दाब खातात.

पाच-सात वर्षांच्या ट्रकसाठी शेलवर विसंबायला हरकत नाही: भाव चढले की महिन्यांत पुरवठा वाढू शकतो. २० वर्षांच्या यंत्रासाठी ती हमी पुरत नाही. बाकीची क्षेत्रं आटत जातील तसा पुरवठा आखात आणि रशियाकडे एकवटेल, आणि आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. गॅसवर गेल्यानेही सुटका नाही; पारंपरिक गॅसक्षेत्रांची सरासरी घट ६.८ टक्के आहे. म्हणून बॉयलर घेताना दोन इंधनांवर चालणारा बर्नरच मागा. आणि जिथे १५० अंशांच्या आतली उष्णता पुरते, तिथे विजेवरच्या पर्यायाचं कोटेशन आधी घ्या.