सत्तर एसव्हीसीहोस्ट आणि माझे ८,४९९ रुपये

लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला म्हणून टास्क मॅनेजर उघडलं. चालू असलेल्या प्रोग्रामच्या यादीत एसव्हीसीहोस्ट (svchost) हे एकच नाव खालपर्यंत. मोजली, तर सत्तरच्या वर. ते नाव इंटरनेटवर शोधलं आणि सगळ्यात वर जाहिरातीत दिसलेल्या 'हेल्पलाइन'ला फोन लावला. थोडक्यात, चोराला आवतण मीच दिलं.

पलीकडचा माणूस भारी अदबशीर. त्याने स्क्रीन दाखवायचं एक ॲप टाकून घेतलं, कोड मी वाचून दाखवला. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची रांग दाखवली. मग काळ्या खिडकीत नेटस्टॅट, मशिन कुठेकुठे जोडलंय ते दाखवणारी कमांड. "सर, 'फॉरेन ॲड्रेस' लिहिलंय बघा, परदेशातले लोक तुमच्या मशिनमध्ये बसलेत." शेवटी 'ट्री' ही कमांड. ओळी सरसर धावल्या, थांबल्या आणि तळाशी उमटलं, 'व्हायरस फाउंड'. बाकीचं सगळं पापणी लवायच्या आत आलं होतं. ही ओळ मात्र एकेक अक्षर करत, मध्ये एकदा खोडून. मला ते दिसलं. तरी यूपीआयचा पिन टाकला. वीस मिनिटांत पंखाही गप्प झाला. "बघा सर!"

चार दिवसांनी पुतणी आली. तिने स्वतःचा लॅपटॉप शेजारी ठेवला आणि त्याच कमांड दिल्या. "काका, माझ्याकडे ब्याऐंशी एसव्हीसीहोस्ट आहेत. माझ्या घरात तुमच्यापेक्षा जास्त चोर!"

एसव्हीसीहोस्ट म्हणजे विंडोजच्या पडद्यामागे चालणाऱ्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम. विंडोज १० च्या २०१७ मधल्या अपडेटपासून, रॅम ३.५ जीबीपेक्षा जास्त असेल तर बहुतेक सेवांना वेगवेगळा एसव्हीसीहोस्ट मिळतो. म्हणून एवढी गर्दी. 'फॉरेन ॲड्रेस' म्हणजे फक्त पलीकडच्या टोकाचा पत्ता, मग ते टोक पुण्यात का असेना. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल खुणा ठणठणीत मशिनवरही असतात. आणि ट्री फोल्डरांची यादी काढते, व्हायरस शोधत नाही. त्याने दाखवलेलं जवळजवळ सगळं खरं होतं, खोटा होता तो अर्थ.

नाव अनोळखी दिसलं तर त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा. एसव्हीसीहोस्ट साधारणपणे विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये सापडतो. तो डाउनलोड्समध्ये निघाला, किंवा नावात 'ओ'च्या जागी शून्य असलं, तर मात्र शंका घ्या. प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही कोणाची आहे तेही दिसतं.

पुतणीने आधी वायफाय बंद केलं, ते ॲप काढलं आणि पासवर्ड माझ्या मोबाइलवरून बदलायला लावले. बँकेला कळवलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तोवर चार दिवस उलटले होते, पैसे पुढे निघून गेले होते. लाजेपोटी घरात कुणाला बोललो नव्हतो, तेच नडलं.

पंख्याचं म्हणाल, तर त्या दिवशी विंडोजचं अपडेट बसत होतं. पुतणीने अपडेटच्या इतिहासात तारीख काढून दाखवली. अपडेट संपलं, पंखा थांबला.