पाणी काळे पाडणारी बाटली: घरगुती जिवाणू चाचणी संचाचा अनुभव

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पसरणारा जिवाणू सापडला, तेव्हा आमच्या सोसायटीत जो तो टीडीएस मीटर घेऊन फिरू लागला. आकडा कमी आला की पाणी चांगले, असा सर्वांचा समज. वास्तविक हा मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. पाण्यात मैला मिसळला आहे की नाही, हे त्याला कळण्याचे कारणच नाही. म्हणून मी हायड्रोजन सल्फाइड पद्धतीच्या दहा बाटल्यांचा संच साडेचारशे रुपयांना मागवला.

ही पद्धत मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी १९८२ मध्ये मांडली. बाटलीत जिवाणूंना पोषक अशा द्रावणात भिजवून वाळवलेला कागद असतो. विष्ठेतून येणारे अनेक जिवाणू त्यावर वाढताना हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्याचा कागदातील लोहक्षाराशी संयोग होतो आणि पाणी काळे पडते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण घट्ट लावायचे आणि वाट पाहायची. कोणत्याही यंत्राची गरज नाही.

मी महापालिकेचा थेट नळ, जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी अशा तीन ठिकाणचे नमुने घेतले. थंडीचे दिवस असल्याने बाटल्या खिडकीत ठेवल्या आणि ४८ तासांनंतरही तिन्ही पिवळसरच राहिल्या, तेव्हा मला हायसे वाटले. ते चुकीचे होते. या जिवाणूंना वाढायला साधारण ३० ते ३७ अंशांची ऊब लागते, आणि सोबतच्या पत्रकात मात्र ‘खोलीच्या तापमानाला ठेवावे’ एवढेच छापलेले होते. दुसऱ्या वेळी इडलीचे पीठ आंबवायला ठेवतो तशा बाटल्या शालीत गुंडाळून गरम पाण्याच्या पिशवीजवळ ठेवल्या आणि पिशवी दर काही तासांनी बदलली. सकाळी शाल उघडली, तर जमिनीखालच्या टाकीची बाटली दौतीतल्या शाईसारखी काळी झाली होती आणि कागदाची पट्टीसुद्धा दिसत नव्हती. गच्चीवरच्या टाकीची बाटली संध्याकाळपर्यंत काळवंडली. थेट नळाची तशीच राहिली.

ती बाटली हातात घेऊन मी सभासदांना दाखवली, तेव्हा महिनाभर रखडलेले टाकीचे काम दोन दिवसांत सुरू झाले. टाकीच्या झाकणाला लागूनच ड्रेनेजचा चेंबर तुंबलेला निघाला. काम संपेपर्यंत आम्ही सर्वांनी पाणी उकळूनच प्यायले. आकड्यांच्या अहवालापेक्षा डोळ्यांना दिसणारा काळा रंग माणसांना लवकर हलवतो, हे या संचाचे सर्वांत मोठे बळ आहे असे मला वाटते.

त्याच्या मर्यादाही तितक्याच गंभीर आहेत. काही बोअरवेलच्या पाण्यात गंधकाचा वायू मुळातच असतो, तेथे मैला नसतानाही बाटली काळी पडू शकते. उलट, विषाणू या चाचणीत सापडत नाहीत. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. तेव्हा क्लोरीनमुळे जिवाणू आटोक्यात राहिले, विषमज्वर आणि आमांश वाढला नाही, पण पुढे हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला गेलेला विषाणू मात्र तग धरून राहिला. त्यामुळे बाटली पिवळी राहिली म्हणून पाणी निर्धोक ठरवू नये. नायट्रेट आणि फ्लोराइडसाठी तर प्रयोगशाळाच गाठावी लागते.

उत्पादकाबद्दल माझी तक्रार पत्रकापुरती आहे, पण ती लहान नाही. तापमानाचा उल्लेख चुकीचा, मजकूर फक्त इंग्रजीत, आणि काळ्या झालेल्या बाटलीचे काय करावे याविषयी एक शब्दही नाही. त्या बाटलीत वाढलेले जिवाणू असतात. हातमोजे घालून तिच्यात ब्लीचिंग पावडरचे दाट द्रावण ओतावे, काही तास तसेच ठेवावे आणि मगच ती टाकावी. ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

टाकी धुऊन क्लोरीन दिल्यानंतर पुन्हा घेतलेल्या दोन्ही नमुन्यांचा रंग शालीतल्या उबेत ४८ तास बदलला नाही. उरलेल्या दोन बाटल्या मी जूनसाठी राखून ठेवल्या आहेत, कारण पहिल्या मोठ्या पावसात तो चेंबर पुन्हा भरतो का, ते पाहायचे आहे.