राणीबाग, बूट आणि वेफरमधली लादी: मुलांना घेऊन दक्षिण मुंबईत गारेगार खायचं तर

मुंबईत गोड खायच्या जागांच्या याद्या खूप निघतात. त्या बहुतेक मोठ्यांच्या जिभेने लिहिलेल्या असतात. बरोबर चार आणि आठ वर्षांची मुलं असली की प्रश्न वेगळे पडतात. बसायला मिळेल का? पदार्थ किती वेळात वितळतो? हात कुठे धुवायचे? आणि मुख्य म्हणजे, त्याआधी मुलं कुठे दमली आहेत? हे जुळलं नाही तर नावाजलेल्या दुकानातही रडारड होते. म्हणून इथे फिरायची जागा आणि तिच्यानंतरचं गारेगार अशा जोड्या सांगतो. सगळं भायखळा ते मलबार हिल या पट्ट्यातलं आहे. दोन दिवसांत सावकाश होतं, एका दिवसात कोंबू नका.

सुरुवात राणीबागेपासून. कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला राणीबागच सांगायचं. वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, पण तिकीटखिडकी साडेचारच्या सुमाराला बंद होते. पाच वाजता पोचलेली कुटुंबं फाटकावरून परत फिरतात. बुधवारी बंद. त्यातही एक मेख आहे: बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी असते आणि गुरुवारी बंद. दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत बेत आखताना हे नक्की बघा. तिकीट मोठ्यांना ५० रुपये, मुलांना २५, आणि आई-बाबा व दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून १००. म्हणजे चौघांनी सुटी तिकिटं काढली तर ५० रुपये जास्त जातात. खिडकीवर 'कुटुंबाचं तिकीट' असं स्पष्ट मागा. ऑनलाइन तिकीट आदल्या रात्री काढलंत तर रविवारची रांग वाचते.

आत गेल्यावर पहिलं काम पेंग्विन. हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून आणले आणि २०१७ च्या मार्चपासून ते लोकांना बघायला खुले झाले. आता इथेच जन्मलेली पिल्लंही त्यांच्यात आहेत. काचेपलीकडे १६ ते १८ अंश तापमान ठेवलेलं असतं. बाहेर पस्तीस अंश असताना ही इमारत सगळ्यांनाच हवीहवीशी वाटते आणि अकरानंतर रांग वाढत जाते. दहाच्या आत गेलात तर मुलांना काचेला नाक लावून निवांत बघता येतं. हळदीकुंकवाच्या रांगेसारखं 'पुढे चला, पुढे चला' होत नाही. प्राणी सकाळी हिंडताना दिसतात. बारानंतर वाघ, बिबट्या, अस्वल सावलीत आडवे होतात आणि मुलं 'कुठाय, कुठाय' करत कंटाळतात. म्हणून आधी पेंग्विन, मग मोठी जनावरं, मग ज्यात आतून चालत जाता येतं ते पक्ष्यांचं दालन, आणि शेवटी झाडं. झाडं शेवटी म्हटलं, पण ती चुकवू नका. ही मुळात १८६२ पासूनची वनस्पतिबाग आहे. इथल्या गोरखचिंचेच्या खोडाला चार मुलांनी हात धरून वेढा घालायचा प्रयत्न केला तरी हात पुरत नाहीत. हा खेळ फुकटचा आहे आणि पेंग्विनपेक्षा जास्त वेळ चालतो.

चालणं बरंच होतं. पाच वर्षांखालच्या मुलासाठी बाबागाडी न्या, रस्ते सपाट आहेत. प्लास्टिकच्या पिशव्या आत चालत नाहीत, कापडी पिशवी आणि स्टीलची बाटली ठेवा. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरलात तर दहा मिनिटं चालत. गाडी आणू नका. सुट्टीच्या दिवशी पार्किंगसाठी जेवढा वेळ जातो तेवढ्यात अर्धी बाग बघून होते. आणि हो, या भागात रिक्षा नाहीत. उपनगरातून येणारे हे विसरतात. काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्ट.

बाहेर पडताना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती दाखवा. घारापुरीला ज्याच्यामुळे एलिफंटा नाव पडलं तो हाच. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. नंतर ते पुन्हा जोडले. मुलांना जोडलेल्या भेगा शोधायला सांगा, दहा मिनिटं जातात. संग्रहालयही बुधवारीच बंद असतं.

आता जेवण आणि पहिलं गोड. राणीबागेतून टॅक्सीने क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या बादशाहला जा. १९०५ पासूनचं दुकान. पावभाजी आणि फालुदा दोन्ही एकाच टेबलावर मिळतं, म्हणून दुपारी मुलांसाठी सोयीचं. बसायला जागा आहे, हात धुता येतात, आणि दुपारच्या उन्हात या दोन गोष्टींना चवीइतकंच महत्त्व आहे. फालुद्यात गुलाबाचं सरबत, भिजवलेला सब्जा, शेवया, दूध आणि वर आइस्क्रीम असे थर असतात. चौघांत दोन ग्लास पुरे, चार मागवले तर दोन उरतात. मुलांना स्ट्रॉ देऊ नका. सब्जा आणि शेवई स्ट्रॉमध्ये अडकते, मूल जोरात ओढतं आणि ठसका लागतो. लांब दांड्याचा चमचा मागा आणि आधी तळापासून एकदा ढवळून द्या, नाहीतर वरचं आइस्क्रीम संपल्यावर खाली नुसतं गोडमिट्ट सरबत राहतं. पार्सल तर अजिबात नको. वीस-पंचवीस मिनिटांत शेवया दूध पिऊन फुगतात आणि त्यांचा गोळा होतो. गुलाबी डाग पांढऱ्या शर्टावरून सहज निघत नाही, एवढंही लक्षात ठेवा.

मुलं मोठी असतील, दहाच्या पुढची, तर बादशाहऐवजी भेंडीबाजारातल्या बोहरी मोहल्ल्यात ताज आइस्क्रीम गाठा. १८८७ पासून हे लोक संच्यात हाताने फिरवून आइस्क्रीम करतात. आपल्याकडे मे महिन्यात घरोघरी जो पॉट फिरायचा, तोच प्रकार. मधे धातूचा डबा, त्यात दूध आणि फळाचा गर, भोवती लाकडी पिंप, आणि पिंपात बर्फ व खडेमीठ. मीठ घातल्याने बर्फ शून्याच्या खालच्या तापमानाला वितळत राहतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून विजेशिवाय दूध गोठतं. हाताने फिरवल्यामुळे त्यात हवा कमी शिरते. कारखान्यातल्या आइस्क्रीममध्ये यंत्राने पुष्कळ हवा भरलेली असते, म्हणून ते हलकं लागतं. इथलं घट्ट, जड, आणि फळाचे धागे जिभेला लागणारं. एक कप दोन मुलांना पुरतो. फळ मोसमाचंच घ्या: सप्टेंबर ते नोव्हेंबर सीताफळ, एप्रिल-मे हापूस, थंडीत पेरू किंवा स्ट्रॉबेरी. गल्ल्या अरुंद आहेत, हातगाड्या आणि दुचाक्या अंगावरून जातात. बाबागाडी तिथे चालवताच येणार नाही. रमझानच्या संध्याकाळी तर लहान मुलं घेऊन जाऊच नका, दुपारी जा. सर्वात जवळचं स्टेशन सँडहर्स्ट रोड.

चवीचंच म्हणाल तर आमच्या मते या पट्ट्यातलं सर्वोत्तम आइस्क्रीम इथलं आहे. पण पाच वर्षांच्या मुलाला घेऊन जायची सर्वोत्तम जागा मात्र ती नाही.

संध्याकाळसाठी चर्चगेट. वीर नरीमन रोडवर, ब्रेबॉर्न स्टेडियमच्या अंगाला के. रुस्तम. १९५३ पासूनचं दुकान, सजावट शून्य. बोटभर जाडीची आइस्क्रीमची लादी, खाली-वर एकेक पातळ वेफर, झालं सँडविच. फळ्यावर स्वादांची मोठी यादी असते. रांगेत उभं असतानाच मुलांना ठरवायला लावा, काउंटरवर पोचल्यावर वेळ मिळत नाही. भाजलेल्या बदामाचा स्वाद मोठ्यांसाठी, मुलांसाठी आंबा किंवा चॉकलेटसारखं सरळ काहीतरी.

हे सँडविच खायची एक रीत आहे आणि ती मुलांना आधी शिकवावी लागते. वेफर दोन-तीन मिनिटांत मऊ पडतो. मधोमध चावा घेतला की लादी दोन्ही बाजूंनी बाहेर सरकते आणि फुटपाथवर पडते. तर कागद खालच्या अर्ध्या भागाला तसाच ठेवायचा, सँडविच आडवं धरून चारी कडांनी आधी चाटून घ्यायचं, गोल फिरवत, आणि मग कोपऱ्यातून छोटे चावे. सहा वर्षांखालच्या मुलाला हे जमत नाही. त्याच्यासाठी घरून स्टीलची वाटी आणि चमचा न्या, लादी वाटीत ठेवा, वेफर वेगळा हातात द्या. दिसायला घरगुती, पण कपडे वाचतात आणि मूल शेवटपर्यंत खातं. बसायची सोय नाही, लोक दुकानाबाहेर उभेच खातात. तिथेच संपवा. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून खाऊ म्हणून निघालात तर पाच मिनिटांच्या चालण्यात, त्यात सिग्नलला थांबलात तर, हातात दूध उरतं. सुटे पैसे आणि ओला रुमाल जवळ असू द्या.

मग कठड्यावर जा, पण सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी, त्यापूर्वी नाही. मरीन ड्राइव्हला सावली नाही आणि चार वाजता दगड तापलेले असतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मेच्या शेवटी सात वाजून गेल्यावर. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात, त्या दिवशी हा बेत रद्द करा. खालच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर, मुलांना कधीही उतरू देऊ नका, शेवाळ निसरडं असतं आणि फटींत पाय अडकतो. कुलाबा किंवा अंधेरीकडून येणाऱ्यांना भुयारी मेट्रो ३ चं चर्चगेट स्थानक आता सोयीचं झालंय, लोकलच्या रविवारच्या ब्लॉकचा घोर उरत नाही.

दुसऱ्या दिवसाची जोडी: मलबार हिल आणि चौपाटी. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट म्हणजे लहानांसाठीच. रांग लावून आत चढायचं, वरच्या खिडकीतून हात हलवायचा, खाली यायचं. पाच मिनिटांचा खेळ, मुलं तीनदा करतात. तिथूनच जवळ मलबार हिलचा उन्नत निसर्गमार्ग आहे, २०२५ मध्ये खुला झालेला, झाडांच्या उंचीवरून जाणारा ४८५ मीटर लांबीचा लाकडी रस्ता. पहाटे पाच ते रात्री नऊ, भारतीयांना २५ रुपये, वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढावं लागतं. शनिवार-रविवारच्या वेळा आधीच भरतात. काचेच्या तळाच्या टोकावर काही मुलं घाबरून थिजतात. ओढू नका, मागे रांग असते, कडेने परत आणा. सकाळी साडेसहा-सातची वेळ घेतलीत तर पक्षी ऐकू येतात. संध्याकाळी फक्त सेल्फी घेणारे ऐकू येतात.

संध्याकाळी खाली उतरून गिरगाव चौपाटीसमोर न्यू कुल्फी सेंटर. कुल्फी वजनावर मिळते. कांडीवर नाही, कापून, तुकडे करून. मुलांसाठी हीच तिची मोठी सोय. आटवलेल्या दुधाची, न घुसळता गोठवलेली कुल्फी आइस्क्रीमपेक्षा हळू वितळते आणि तुकडे चमच्याने उचलता येतात. दोनशे ग्रॅम चौघांना चाखायला बस्स, अर्धा मलई, अर्धा आंबा मागा. तुकडे आल्याबरोबर मुलांना देऊ नका, अगदी दगड असतात, दोन मिनिटं थांबलं की कडा मऊ होतात आणि वेलचीचा वास सुटतो. काजू-पिस्त्याचे तुकडे असतात, सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर आधी विचारा. पलीकडच्या वाळूत बर्फाचा गोळा मिळतो, पण पावसाळ्यात आणि पाचच्या आतल्या मुलांना तो नको. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे गाडीवर कळत नाही.

मॉलमधल्या धूर सोडणाऱ्या आइस्क्रीमचा हट्ट मुलं हमखास करतात. तो धूर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचा असतो. द्यायचंच असेल तर धूर पूर्ण थांबेपर्यंत, वाटीच्या तळाशी काही उरलं नाही हे बघून, मगच पहिला चमचा द्या. घाईत तोंड आणि जठर भाजतं.

परतीला दादर लागत असेल आणि मुलं अजून जागी असतील तर शिवाजी पार्कच्या प्रकाशचं पीयूष. श्रीखंड ताकात सैल करून, जायफळ-केशर घातलेलं. दिसायला पेय, पण पोटात जेवणाइतकं जड. मुलाला अर्धा ग्लास, तोही साबुदाणा वड्यानंतर नाही, वड्याऐवजी.