वृत्तवाचकांचा अभ्यास: लोकांना विचारावं की लॉग पाहावा?

बातम्यांच्या वाचक-प्रेक्षकांवर काम करायचं ठरवलं की प्रस्ताव लिहितानाच हा पेच पडतो. लोक काय वाचतात, काय पाहतात हे त्यांनाच विचारायचं, की त्यांच्या परवानगीने फोन-संगणकावर आपोआप होणाऱ्या नोंदी, म्हणजे लॉग, घ्यायच्या (यालाच ट्रॅकिंग म्हणतात)? मी दोन्ही वाटांनी काम केलं आहे. सर्वेक्षण म्हणजे काय, ट्रॅकिंग कसं चालतं हे इथवर आलेल्याला ठाऊक असणार, तेव्हा निवड करताना जे आड येतं तेवढ्यावरच लिहितो.

सर्वेक्षणावरचा सगळ्यात जड आरोप राजकीय संवादाचे अभ्यासक मार्कस प्रायर यांचा आहे. अमेरिकेतल्या टीव्ही बातम्यांबद्दल लोकांनी सर्वेक्षणात दिलेली उत्तरं त्यांनी नील्सन या प्रेक्षक मोजणाऱ्या कंपनीच्या मोजणीशेजारी ठेवली आणि 2009 मध्ये निष्कर्ष मांडला: सर्वेक्षणातला प्रेक्षकवर्ग सरासरी तिप्पट फुगलेला होता, काही गटांत तर आठपट. फुगवटा सगळीकडे सारखा असता तर एका आकड्याने भागून मोकळं होता आलं असतं. तो गटागणिक वेगळा आहे, आणि खरी अडचण तीच आहे. तरुण बातम्या जास्त पाहतात की नुसतं तसं सांगतात, हे सर्वेक्षणातून वेगळं काढता येत नाही.

लोक मुद्दाम खोटं बोलतात असं मला वाटत नाही. ‘साधारण आठवड्यात किती दिवस बातम्या पाहता?’ या प्रश्नाचं उत्तर कुणाच्याच डोक्यात तयार नसतं. माणूस आठवत नाही, अंदाज बांधतो, आणि तो अंदाज ‘मी जागरूक नागरिक आहे’ या स्वतःच्या कल्पनेकडे झुकतो.

ट्रॅकिंगचं बळ नेमकं इथे आहे. अँड्र्यू गेस, ब्रेंडन नायहन आणि जेसन राइफलर यांनी 2016 च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात लोक अविश्वासार्ह बातम्या देणाऱ्या संकेतस्थळांवर किती गेले, हे ब्राउझिंगच्या नोंदींवरून पाहिलं. भेटी थोड्या लोकांत एकवटलेल्या होत्या, आणि तिथवर नेणाऱ्या वाटांत फेसबुक ठळक होतं. हे प्रश्नावलीतून कधीच हाती लागलं नसतं. महिन्यापूर्वी चुटकीसरशी उघडलेल्या संकेतस्थळाचं नाव कुणाच्या लक्षात राहतं? तुमचा प्रश्न असा असेल, म्हणजे कुणी कुठून कुठे गेलं, किती वेळा, कोणत्या क्रमाने, तर पुढचं वाचायची तशी गरज नाही. ट्रॅकिंग घ्या.

बाकीच्यांसाठी आता दुसरी बाजू. लॉग हा शब्द ऐकला की तो पूर्ण असेल असं आपण धरून चालतो. माणूस घरी एक उपकरण वापरतो, कामावर दुसरं, खिशात तिसरं. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतल्या ट्रॅकिंग पॅनेलच्या, म्हणजे नोंदी घेऊ देणाऱ्या ठरावीक माणसांच्या गटाच्या, अभ्यासात सुमारे तीन-चतुर्थांश सहभागींचं किमान एक उपकरण नोंदींबाहेर राहिलेलं आढळलं. अॅपच्या आत काय वाचलं गेलं हे बहुतेक साधनांना दिसत नाही. नोटिफिकेशनची ओळ वाचून फोन खिशात टाकला तर लॉगमध्ये काहीच उमटत नाही, आणि हल्ली बातमी पुष्कळदा तेवढीच वाचली जाते. शिवाय आपल्या ब्राउझरवर नजर ठेवू देणारा माणूस आणि नकार देणारा माणूस एकसारखे नसतात. राजकीय संवादाच्या अभ्यासात हा फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो, कारण पाळत आणि संस्था यांवरचा अविश्वास हाच अनेकदा अभ्यासाचा विषय असतो.

या सगळ्यावर उपाय आहेत. नोंदींत कमी आलेल्या गटांना हिशेबात जास्त वजन देता येतं, उपकरणांची यादी आधी विचारून घेता येते, मर्यादा लिहून पुढे जाता येतं. यातल्या कशामुळेही मी पाठ फिरवली नसती.

सर्वेक्षणाकडे परतायचा माझा निर्णय झाला तो लॉगमधल्या एका सहभागीमुळे. एका पॅनेल कंपनीकडून आम्ही डेटा घेतला होता: सांकेतिक क्रमांक, वेळ, उघडलेल्या पानाचा पत्ता, सेकंद. या क्रमांकाच्या माणसाने एका सरकारी योजनेतल्या बदलाची एकच बातमी आठवड्याभरात तीनदा उघडली होती. पहिल्यांदा काही सेकंद, दुसऱ्यांदा बराच वेळ, तिसऱ्यांदा रात्री उशिरा, आणि त्यानंतर लगेच त्याच योजनेचं सरकारी पोर्टल. बातमीकडून शासनाच्या दाराकडे जाणारी वाट समोर आखून ठेवली होती, आणि आमचा अभ्यास नेमका तिच्यावरच होता. आता विचारावं की तीनदा का? बातमी पटली नाही म्हणून? कुणाशी वाद झाला म्हणून? अर्जाची तारीख शोधत होता? की रात्रीची ती लांबलचक नोंद म्हणजे उघडं राहिलेलं पान होतं? विचारायची सोयच नव्हती. करारानुसार आम्हाला फक्त क्रमांक मिळाले होते, माणसांपर्यंत जाता येणार नव्हतं. गोपनीयतेसाठी ती अट योग्यच होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हजारो ओळींमध्ये अशा जागा पुन्हा पुन्हा येत राहिल्या आणि प्रत्येक ठिकाणी आम्हाला स्वतःच्या तर्काने रिकामी जागा भरावी लागली. तर्क सेकंदांच्या आकड्यांवर उभा असल्याने लेखात तो मोजमापासारखा दिसतो. याचाच मला जास्त त्रास झाला.

क्लिक म्हणजे रस आणि क्लिक नाही म्हणजे रस नाही, हे समीकरण किती तकलादू आहे हे टिम ग्रूट कोर्मेलिंक आणि इरेने कोस्टेरा मायर यांनी वाचकांशेजारी बसून, त्यांना बोलतं करून दाखवलं आहे. शीर्षकातच सगळं कळलं म्हणून न उघडलेली बातमी वाचलेलीच असते.

मग सर्वेक्षणाकडे परत का? एकतर विचारण्याची पद्धत सुधारता येते. ‘साधारण आठवडा’ सोडून ‘काल’ विचारलं की उत्तरं जमिनीवर येतात, असा माझा अनुभव. त्याहून मोलाची गोष्ट विन्सेंट प्राइस आणि जॉन झॅलर यांनी 1993 मध्येच दाखवली होती. कोणत्या बातम्या एखाद्यापर्यंत पोचल्या हे ओळखायला ‘किती दिवस पाहता’ यापेक्षा त्या माणसाचं राजकारणाबद्दलचं एकूण ज्ञान जास्त उपयोगी पडतं. ते वाचल्यापासून मी बातमीचा वेळ कमी विचारतो आणि बातमीत काय होतं ते जास्त विचारतो.

दुसरं म्हणजे परत जाता येतं. आमच्या सर्वेक्षणात एका बाईंनी ‘बातम्या वाचत नाही, पाहत नाही’ असं उत्तर दिलं होतं. मात्र पुढच्या मोकळ्या प्रश्नात त्यांनी त्या योजनेतल्या बदलाचे बारकावे कुठल्याही नियमित वाचकापेक्षा नेमके लिहिले. दुसऱ्या फेरीत विचारलं तेव्हा कळलं की त्यांचा भाऊ सगळं वाचतो आणि घरच्या ग्रुपवर स्वतःच्या शब्दांत सांगतो. ट्रॅकिंगमध्ये या बाई शून्यावर राहिल्या असत्या. पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 1940 च्या निवडणुकीत ओहायोतल्या ईरी परगण्यात सहाशे जणांच्या पॅनेलला महिन्यामागून महिना भेटी दिल्या, त्यातून हीच गोष्ट पुढे आली होती: माध्यमातला मजकूर बऱ्याच जणांपर्यंत ओळखीच्या माणसाच्या तोंडून पोचतो. तीच-तीच माणसं पुन्हा विचारायला मिळाली म्हणून ते दिसलं.

डिजिटल शासनाचा, म्हणजे ऑनलाइन सरकारी सेवांचा, अभ्यास करणाऱ्यांना तर हे जास्तच लागू आहे. पोर्टलचा सर्व्हर लॉग अर्ज मोजतो. अर्ज स्वतः नागरिकाने भरला की शेजारच्या मुलाने किंवा दुकानदाराने, हे त्यात नसतं. एकाच लॉगिनवरून अनेकांचे अर्ज गेले तर कागदावर दिसतो एक तरबेज नागरिक. हे कळायला कुणाला तरी विचारावंच लागतं.

पैसा आणि मनुष्यबळ असेल तर दोन्ही जोडा: त्याच माणसांचा लॉग आणि त्याच माणसांची उत्तरं, संमतीपत्रात पुन्हा संपर्काची स्पष्ट तरतूद करून. एका तुटपुंज्या पीएचडी अनुदानात हे क्वचित बसतं. एकच निवडायचं झालं तर, प्रश्न अगदीच वाटा-वळणांचा नसेल तेव्हा, माझा कौल तीन फेऱ्यांच्या छोट्या पॅनेल सर्वेक्षणाला. प्रश्न ‘काल’चे ठेवा, चार-पाच चालू घडामोडींवर मोकळी उत्तरं घ्या आणि ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ हा प्रश्न जागा कमी पडली तरी वगळू नका. आणि ट्रॅकिंगच घेणार असाल तर कंपनीशी दराची बोलणी करण्याआधी एवढं विचारून घ्या, की नोंदी आल्यानंतर त्या माणसांना निदान एक प्रश्नावली पाठवता येईल का.