पल्स ऑक्सिमीटर: यंत्राला चार तारे, आवाजाला शून्य

एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, नाशकात हॉस्पिटलच्या बेडसाठी फोनाफोनी चालू होती, तेव्हा मेडिकलवाल्याने काउंटरखालून काढून दिलेला हा पल्स ऑक्सिमीटर. कंपनीचं नाव त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. भाव ऐकून घासाघीस करायचं सुचलंही नाही. सरकारने यावरच्या नफ्याला 70 टक्क्यांची मर्यादा घातली ती पुढे जुलैमध्ये.

काम साधं आहे. एक लाल आणि एक न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बोटातून जातो, रक्ताने त्यातला किती शोषला त्यावरून ऑक्सिजनचा आकडा येतो. हात गार असतील, नखांवर नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर तो आकडा चुकतो. सासूबाईंना पहिल्यांदा लावला तेव्हा 89 आला आणि त्या मटकन खालीच बसल्या. हात चोळून, पाच मिनिटं थांबून लावला, तर 97.

तेव्हापासून त्यांनी त्याला सोडलं नाही. स्वयंपाक करता करता मोजायच्या, टीव्हीवर रुग्णांचे आकडे आले की मोजायच्या. 98 चे 96 झाले की घरात सुतक. डब्यातल्या कागदावर दोन टक्के इकडेतिकडे होईल असं छापलंय, ते मी मोठ्याने वाचून दाखवलं. उपयोग शून्य. त्यांना ताप नव्हता, खोकला नव्हता.

ताप होता तो अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना. ते मात्र निवांत. "मला कुठे धाप लागलीय?" म्हणून पेपर वाचत बसलेले. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं म्हणून त्यांना पॅसेजमध्ये सहा मिनिटं चालवलं. चालण्याआधी 95, नंतर 91. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. या आजारात धाप न लागताही ऑक्सिजन उतरतो, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. त्याच दिवशी ॲडमिट केलं, बरे होऊन आले. पैसे तिथेच वसूल झाले.

तक्रार आवाजाची. प्रत्येक ठोक्याला टिक. रात्री बाजूच्या खोलीतून ती टिकटिक आली की मी अंथरुणात ठोके मोजत पडायचे. कधी स्वतःचे, कधी त्यांचे. आमच्या मॉडेलमध्ये बटण दाबून धरलं की आवाज बंद करता येतो, पण त्या कागदातलं इंग्रजी लावायला माझ्या भाच्याला बसवावं लागलं.

साथ ओसरल्यावरही सासूबाईंचं मोजणं थांबेना. शेवटी आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं, "ताप आला तरच मोजा, आणि तुम्ही नाही, सुनेने." आता तो माझ्या कपाटात असतो.

घ्यायचा असेल तर आवाज बंद करता येणारा घ्या. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, आमचे एकदा गळले.