पबमेड सेंट्रल : एका रुग्णाच्या भावाने केलेला वापर

संध्याकाळ झाली की माझ्या धाकट्या बहिणीची डावी पापणी खाली येई आणि पोळी चावता चावता तिचा जबडा थकून जाई. मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचे, निदान झाल्यावर येथील, म्हणजे वडोदऱ्याच्या, न्यूरॉलॉजिस्टांनी छातीतील थायमस ग्रंथी काढण्याचा पर्याय सुचवला. "गाठ नाही, मग छातीला हात कशाला लावायचा?" हा तिचा प्रश्न घेऊन मी मूळ संशोधन शोधू लागलो, तर पहिल्याच लेखासाठी प्रकाशकाने डॉलरमध्ये शुल्क मागितले आणि मी पबमेड सेंट्रलकडे वळलो.

अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने २००० साली सुरू केलेल्या या संग्रहात संपूर्ण लेख मोफत वाचता येतात आणि नावनोंदणीही करावी लागत नाही. पबमेड ही मात्र वैद्यकीय लेखांची सूची असून तेथे बहुधा सारांशच दिसतो. डावीकडच्या 'फ्री फुल टेक्स्ट'वर खूण केली की मोफत लेख तेवढे उरतात. एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशातून झालेले संशोधन येथे ठेवणे २००८ पासून बंधनकारक आहे. पूर्वी त्यासाठी वर्षभराची सवलत असे, ती जुलै २०२५ पासून स्वीकारल्या गेलेल्या लेखांना उरलेली नाही.

आम्हाला हवा होता तो, थायमस काढण्याविषयीचा २०१६ सालचा अभ्यास येथेच सापडला. त्यात १२६ रुग्ण होते, थायमसमध्ये गाठ असलेल्यांना मुळात घेतलेच नव्हते, आणि तीन वर्षांच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्यांना दिवसाआड सरासरी ४४ मिलिग्रॅम प्रेडनिसोन (एक स्टेरॉइड औषध) लागले, तर केवळ औषधावर असलेल्यांना ६०. बहिणीच्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मिळाले नसते. रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे आढळलेलेच रुग्ण निवडले होते, हे वाचून आम्ही तिचा जुना रिपोर्ट पुन्हा काढून पाहिला.

उणिवा आहेतच. हा लेख लेखकांच्या हस्तलिखिताच्या रूपात असल्यामुळे तक्ते शेवटी जातात आणि मोबाइलवर वर-खाली करताना जीव मेटाकुटीला येतो. तज्ज्ञांनी न तपासलेले प्रीप्रिंटही संग्रहात आहेत. तशी सूचना वर दिलेली असते, पण घाईत ती नजरेतून सुटते. शिवाय सारे इंग्रजीत, तेही डॉक्टरी इंग्रजीत.

तरीही सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावून सार्वजनिक वाचनालये उभी केली त्या गावात राहणाऱ्याला ही सोय परकी वाटत नाही. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही शुल्क असलेली संशोधनपत्रे वाचू देणारी केंद्राची योजना सरकारी संस्थांतील विद्यार्थी व संशोधकांसाठी आहे. रावपुऱ्यात स्वतःचा दवाखाना चालवणारे आमचे फॅमिली डॉक्टर तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना मी दुवा पाठवला आणि त्यांनी तो लेख त्याच रात्री वाचला. बहिणीने तक्ता छापून न्यूरॉलॉजिस्टांकडे नेला, तेव्हा त्यांनी ४४ आणि ६० या आकड्यांच्या शेजारी पेन्सिलीने तिचा तेव्हाचा डोस लिहून दिला.