खारवट रानात जिवाणू कल्चर: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. टोमॅटोला कल्चर (मुळांना मदत करणाऱ्या जिवाणूंचं द्रावण) दिलं, तर मध्यम खारवट भागात फरक दिसला, जिथं जमीन पांढरी पडलीय तिथं पैसे पाण्यात. आणि बाटलीवर काहीही छापलेलं असू दे, हे जिवाणू जमिनीतलं मीठ बाहेर काढत नाहीत, ते काम निचऱ्याचं आणि गोड्या पाण्याचंच.

माझ्या रानाला उतार आहे, त्यामुळे एकाच तुकड्यात तीन तऱ्हा. माती परीक्षणात वरच्या अंगाला ईसी (मातीतल्या क्षारांचं माप) 2 च्या आसपास, मधल्या पट्ट्यात 4 ते 5, खाली 10 च्या पुढे. 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट धरतात, पण टोमॅटोचं उत्पन्न 2.5 नंतरच घसरायला लागतं आणि पुढे दर अंकाला साधारण 10 टक्के जातं. (हे आकडे संपृक्त मातीच्या अर्काचे हं, काही लॅब मातीत जास्त पाणी घालून ईसी काढतात, तो आकडा कमी येतो आणि माणूस उगाच खूश होतो.) सामू 8 च्या आत होता म्हणजे चोपण (सोडियममुळे घट्ट झालेली) नव्हती. सामू 8.5 च्या वर असेल, पाऊस पडला की चिखल आणि वाळलं की दगड होत असेल तर आधी जिप्समचं बघा, कल्चर नंतर.

घेतलं ते लिक्विड कल्चर होतं, बॅसिलस आणि स्युडोमोनास हे दोन जिवाणू एकत्र. लावणीच्या वेळी रोपांची मुळं बुडवली, मग आळवणी (द्रावण मुळाशी ओतणं), नंतर अधूनमधून ठिबकातून. तिन्ही भागांत काही सऱ्या मुद्दाम कोऱ्या ठेवल्या, बाकी खत-पाणी सगळं सारखं. हे कोणी करत नाही आणि मग "रिझल्ट जबरदस्त" म्हणून सांगत फिरतात, अरे पण न टाकलेलं कसं होतं ते तरी बघा की.

वरच्या भागात टाकलेलं आणि न टाकलेलं यात मला तरी काही कळलं नाही. मधल्या पट्ट्यात मात्र लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फरक सरळ दिसत होता, रोपं लवकर सावरली, नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागा) कमी भराव्या लागल्या, उपटून बघितलं तर पांढरी मुळी जास्त. पानांच्या कडा करपणं थांबलं नाही, कमी झालं. फुलं लागल्यावर दोन्हीतलं अंतर घटत गेलं पण तोडे टाकलेल्या सऱ्यांनाच जास्त मिळाले. दुप्पट वगैरे काही नाही हो. खालच्या भागात कल्चर टाकलेली रोपं पण गेली, न टाकलेली पण गेली.

असं का होतं हे नंतर वाचलं तेव्हा पटलं. मिठाचा ताण आला की झाड इथिलीन जास्त बनवतं आणि त्यानं मुळांची वाढ खुंटते. इथिलीन ज्या एसीसी नावाच्या पदार्थापासून बनतं तो काही जिवाणू एका एन्झाइमने फोडून स्वतःच खाऊन टाकतात, त्यामुळे इथिलीन कमी बनतं आणि मुळी चालू राहते. बर्नार्ड ग्लिक या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हे मॉडेल मांडलं. शिवाय काही जातींचे जिवाणू मुळांभोवती चिकट थर धरतात, त्यात थोडंफार सोडियम अडकतं. म्हणजे झाडाला तग धरायला मदत, बस. मीठच इतकं असेल की मुळांना पाणी ओढता येत नाही, तिथं जिवाणू तरी काय करणार. आणि हे एन्झाइम सगळ्या जातींत नसतं, त्यामुळे नुसतं "बॅसिलस" वाचून बाटली उचलू नका, खारवट जमिनीसाठी तपासलेली जात आहे का ते विचारा.

कटकटी पण आहेत. बॅसिलस बीजाणू करून टिकून राहतो, स्युडोमोनासला ते जमत नाही, त्यामुळे बाटली उन्हात राहिली की निम्मा माल मेलाच समजा. उत्पादनाची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका. तांब्याच्या बुरशीनाशकासोबत एकाच टाकीत अजिबात नको, क्लोरीनचं पाणीही नको. आळवणी संध्याकाळी, वाफसा असताना. आणि शेणखत किंवा कंपोस्ट नसेल तर या जिवाणूंना खायला काय मिळणार? माझ्या मधल्या पट्ट्यातसुद्धा जिथं कंपोस्ट कमी पडलं होतं तिथं फरक फिका होता.

अजून एक, याचा कल्चरशी संबंध नाही पण फायदा बराच झाला. सरीतून पाणी दिलं की मीठ वरंब्याच्या माथ्यावर येऊन बसतं, तिथं रोप लावायचं नाही, बगलेला लावायचं. फुकटचा उपाय आहे.

पुढच्या हंगामात कल्चर फक्त मधल्या पट्ट्यात आणि तेही रोपाच्या वयात, फुलं लागल्यानंतरचे डोस बंद. खालच्या भागात आधी चर काढून पाणी बाहेर जायला वाट करतोय, तिथली ईसी उतरेपर्यंत बाटली उघडणार नाही.